दोन ग्रॅमचा तुकडा

आमच्या घरात खोटं बोलण्याची पद्धत नाही. त्यामुळे दसऱ्यापासून तिसऱ्या दिवशी सकाळी, कोणतं खोटं बोलायचं हे ठरवायला आम्हाला तब्बल दोन तास लागले. सवय नसली की वेळ जातो.

"अहो, सोपं आहे," माझा मेहुणा शेखर म्हणाला. तो विम्याचा एजंट होता आणि जगातली कुठलीही गोष्ट त्याला सोपी वाटायची. "महामार्ग. पुढे खडीचा डंपर. त्यातला खडा उडाला, टक्कन काचेवर बसला. संपलं! अख्ख्या महाराष्ट्रात गाड्यांच्या काचा अशाच फुटतात."

"आपली तशी फुटलेली नाही," नाना म्हणाले. नाना म्हणजे शेखरचे वडील आणि माझे सासरे.

"पण ती कशी फुटली हे विचारतंय कोण?"

"फॉर्म विचारतोय." नानांनी समोरच्या कागदावर बोट ठेवलं. "रकाना नऊ. अपघात कसा झाला. चांगल्या तीन ओळी सोडल्यात."

शेखरने माझ्याकडे पाहिलं. "दाजी, तुम्ही तरी सांगा."

मी कराडच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत असे. घरात माझ्याकडे लोक अशा वेळी बघत आणि मी काहीतरी बोलल्यावर पुन्हा दुसरीकडे बघत. मी म्हणालो, "दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे." सगळे दुसरीकडे बघू लागले.

गाडी छोटी, पांढरी आणि माझ्या बायकोची होती. वैजयंती बँकेत अधिकारी; तिने स्वतःच्या पगारातून ती घेतली होती. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी शोरूमच्या माणसाने गाडी दारात आणून लावली, तेव्हा तिने दोन अटी जाहीर केल्या. पूजा होईपर्यंत गाडीला कोणी हात लावायचा नाही. आणि तुळशीवृंदावनाला धक्का न लावता गाडी मागे घेऊन दाखवेपर्यंत, मी पूजेनंतरही हात लावायचा नाही. मी गाडीच्या क्लासला तीन महिने जात होतो. लायसन्सही होतं. पण लायसन्स देणाऱ्याने आमचं तुळशीवृंदावन पाहिलेलं नव्हतं.

पूजेचा नारळ फोडायला साताऱ्याहून खास नाना आले होते.

इथे नानांविषयी सांगायला हवं. नाना वजनमापे खात्यात निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांत जाऊन लोकांचे तराजू तपासले. निवृत्तीच्या वेळी खात्याने त्यांना एक लहानसा पितळी तराजू भेट दिला, तो ते प्रवासात धोतरांच्या घडीत ठेवून सोबत आणत. आयुष्यात त्यांनी कोणाला अर्धा ग्रॅम जास्त बोलू दिलं नाही. अशा माणसाला नातेवाईक एरवी टाळतात. पण नानांच्या अंगी एक कला होती. ते नारळाचे बरोबर दोन समान भाग करत. एकच घाव, दोन वाट्या, तुकडा नाही, तूस नाही. दुकानाचं उद्घाटन असो, बोअरवेल असो, नवा ट्रॅक्टर असो, सातारा जिल्ह्यातली आमची सगळी पाहुणेमंडळी नारळ विकत घेत आणि फोडायला नानांना बोलावत. फोडून झालं की नाना दोन्ही वाट्या तराजूत घालून बघत. लोक टाळ्या वाजवत. पेन्शनीत माणसाला टाळ्या कुठे मिळतात?

दसऱ्याच्या सकाळी नऊ वाजता पूजा झाली. गाडी तासभर उन्हात उभी होती. काचेवर झेंडूची जाडजूड माळ मी स्वतः बांधली होती, थोडी डावीकडे झुकलेली. "यंदा यांना भक्ती सुचलीय," असं वैजयंती शेजारच्या काकूंना म्हणालीही. नानांनी पुढच्या चाकाजवळच्या दगडावर नारळ आपटला. खट्ट! दोन वाट्या. मग त्यांनी वाटीतलं पाणी रीतीप्रमाणे गाडीवर शिंपडलं, थोडं बॉनेटवर, थोडं काचेवर. आणि झेंडूच्या माळेखालून एक रेघ निघाली. आमच्या डोळ्यांदेखत ती करकरत खाली वायपरपर्यंत गेली आणि तिथून वळून दुसऱ्या टोकाला.

शेजारच्या काकू प्रसादाला थांबल्या होत्या, त्या न घेताच गेल्या.

नानांनी घरात जाऊन तराजू आणला. दोन्ही वाट्या तोलल्या. एक दोनशे चौदा ग्रॅम भरली. दुसरी दोनशे बारा.

"दोन ग्रॅम," नाना म्हणाले. "माझा घाव चुकला. दोन ग्रॅमचा तुकडा उडाला. काच मी फोडली."

त्यानंतर दोन तास ते अंगणात ओणवे होऊन करवंटीचा तो दोन ग्रॅमचा तुकडा शोधत होते. वाट्या पुरावा म्हणून फ्रीजमध्ये ठेवल्या गेल्या. वैजयंतीला बर्फी करायची होती, तिला हात लावू दिला नाही. काच नवी बसेपर्यंत नानांनी चहा सोडला. नानांचा चहा सुटला म्हणजे काय, हे ज्यांनी सकाळी सहा वाजता नानांना पाहिलंय त्यांनाच कळेल. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पोस्टकार्ड आणून कोरेगावच्या चुलतभावाला लिहिलं: 'चिरंजीवाच्या दुकानाचे उद्घाटनास येईन. नारळ दुसऱ्याकडून फोडवून घ्यावा. माझा हात गेला.'

ते पोस्टकार्ड पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं होतं. ते माझ्या खिशात होतं.

"हे बघा नाना," शेखर आता खुर्ची ओढून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. "विम्यात अपघात लागतो, अपघात! नारळ तुम्ही मुद्दाम फोडला की नाही?"

"नारळ मुद्दामच फोडतात."

"झालं! मुद्दाम केलेल्या नुकसानाला भरपाई नाही."

"अरे, मुद्दाम नारळ फोडायचा होता, काच नव्हे," वैजयंती आतून म्हणाली. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि ती प्रत्येक वाक्यागणिक वाया जात होती.

"ताई, तू हे कंपनीला समजाव. तिथे माणूस नसतो, रकाना असतो."

"मग रकान्यात खरं लिही," नाना म्हणाले.

"मी परवाच फोनवर दगड सांगून बसलोय! फॉर्मवरही आता तेच लिहावं लागणार. दसऱ्याच्या दिवशी, पाचवड फाट्याजवळ, खडीच्या डंपरमधून दगड उडून. आता तुम्ही नारळ म्हणालात तर क्लेम तर जाईलच, माझी एजन्सीपण जाईल. लोक म्हणतील, याच्या बापानेच याला पाडला."

"पाचवड फाटाच कशाला?" मी विचारलं.

"का? काय वाईट आहे पाचवड फाट्यात?"

"नाही, म्हणजे, दुसरंही कुठलं ठिकाण..."

"दाजी, तिथे क्रशर आहे, डंपर असतात. खोट्यालासुद्धा अभ्यास लागतो." त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला घाम का आलाय?"

मी पंखा वाढवला. गेल्या तीन दिवसांत मी चार वेळा तोंड उघडलं होतं. चारही वेळा वैजयंतीने त्यात काहीतरी खायला घातलं.

नाना उठले. "तुझं तू लिही. माझा जबाब मी जोडणार. नाहीतर चार वाजताच्या एसटीने मी साताऱ्याला जातो आणि पुन्हा या गाडीत पाय ठेवत नाही. खोट्या काचेतून मला रस्ता बघायचा नाही."

जबाब तयारच होता. फुलस्केप दोन पानं, समास सोडून. नारळाचं सोललेलं एकूण वजन, पाणी वगळता वजन, दगडाची उंची, दगडापासून काचेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर फुटा-इंचांत, सूर्याची दिशा, उपस्थितांची नावं. शेवटी: 'सबब सदर नुकसान माझ्या हातून झाले असून त्यास अन्य कोणीही जबाबदार नाही.' खाली सही, तारीख आणि हुद्दा, निवृत्त.

ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. मग पाणी प्यायलो.

अकरा वाजता सर्व्हेअर आले. विमा कंपनी नुकसान तपासायला जो माणूस पाठवते तो. मुलाणी नाव होतं त्यांचं. उंच, सडपातळ, खिशात चार पेनं, तोंडात लवंग. शेखरने त्यांना दारातच गाठलं.

"या साहेब, या. काही नाही, साधी दगडाची केस आहे. वडील आमचे थोडे... वय झालंय. ते काही बोलले तर..."

"माझं वय एकाहत्तर वर्षं चार महिने आहे," मागून नाना म्हणाले. "आणि केस दगडाची नाही. नारळाची आहे."

मुलाणींनी एकदा बापाकडे आणि एकदा लेकाकडे पाहिलं. लवंग एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "दोन्ही कागद द्या," ते म्हणाले.

फॉर्म त्यांनी अर्ध्या मिनिटात वाचला. जबाब वाचायला दहा मिनिटं लागली. वाचता वाचता ते खाली बसले.

"तेवीस वर्षं मी हे काम करतो," ते म्हणाले. "असा जबाब मला पोलिसांनीसुद्धा दिला नाही."

"धन्यवाद," नाना म्हणाले.

"करवंटीचा तुकडा सापडला का?"

"नाही. पण वजनात दोन ग्रॅमचा फरक आहे."

"वाट्या आहेत?"

वैजयंतीने फ्रीजमधून वाट्या आणल्या. मुलाणींनी त्या दोन्ही हातांत घेतल्या, फिरवल्या आणि एकीवर दुसरी ठेवून अलगद वळवली. टक् असा बारीक आवाज होऊन नारळ अखंड झाला. पुन्हा शेंडी बांधून दुकानात ठेवला असता तर कोणी विकत घेतला असता.

"हे बघा नाना," मुलाणी म्हणाले. 'नाना' हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण दहा मिनिटांत ते म्हणू लागले होते. "कुठे फट आहे? एक करवंटी थोडी जाड आहे, दुसरी थोडी पातळ. दोन ग्रॅम तिथे गेले. यातून काही उडालेलं नाही. एवढा स्वच्छ फुटलेला नारळ मी पाहिला नाही."

नानांनी नारळ हातात घेतला. सांध्यावरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा चष्मा काढून फिरवलं.

"मग काच?"

मुलाणी अंगणात गेले. आम्ही सगळे मागून. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि काचेच्या डाव्या बाजूला, माळ होती बरोबर त्या जागी, लावलं.

"हा बघा खड्डा. मुगाएवढा. आजूबाजूला चांदणी. हे दगडाचं काम. वेगात आलेला बारीक खडा. पुढे ऊन लागलं, वरून गार पाणी पडलं, की चांदणी पसरते. नारळ लाख आपटा, असा खड्डा पडणार नाही."

शेखरचं तोंड उघडंच राहिलं. आपण सांगितलेली गोष्ट खरी निघावी, असा प्रसंग त्याच्या धंद्यात पूर्वी आलेला नसावा.

"म्हणजे... दगडच?" तो म्हणाला.

"तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो, हो. लिहिलंय तर! मी तेच म्हणतोय मघापासून."

मुलाणींनी गाडीचं दार उघडलं, आत डोकावून मीटर पाहिला आणि फॉर्मवर लिहिलं. "चाललेले किलोमीटर, अठ्ठावन्न."

"एक्केचाळीस," नाना म्हणाले.

"अठ्ठावन्न आहेत."

नानांनी खिशातून वही काढली. त्या वहीत ते सगळं लिहीत. पान उलटलं. "गाडी आली तेव्हा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी सहा चाळीसला, मीटर एक्केचाळीस. त्यानंतर गाडी हललेली नाही."

"सतरा किलोमीटर हललीय," मुलाणी शांतपणे म्हणाले. "मला त्याचं काही नाही. गाडी चालण्यासाठीच असते. उलट बरंच झालं. दगड लागायला गाडी रस्त्यावर असावी लागते. फॉर्म आणि मीटर जुळले." त्यांनी टोपण लावलं. नानांचा जबाब त्यांनी व्यवस्थित घडी करून नानांच्या हातात दिला. "हा तुमच्याकडेच ठेवा. कंपनीला पचायचा नाही." आणि चहा न घेता, एक लवंग काढून नानांना देऊन, ते गेले.

फाटक लागल्याचा आवाज झाला. वैजयंती वळली. ती नानांकडे वळली नाही, शेखरकडेही नाही.

"अहो. सतरा किलोमीटर?"

तर्कशास्त्रात अशा जागेला दोनच वाटा असतात. त्या दोन्ही मला दिसत होत्या आणि दोन्ही तुळशीवृंदावनावर जाऊन आदळत होत्या. मी तोंड उघडलं. पाचव्यांदा.

"आकडा माझा चुकला," नाना म्हणाले.

वैजयंती त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुमचा? आकडा?"

"संध्याकाळची वेळ होती. चष्मा घरात होता. अठ्ठावन्नच असेल. मी एक्केचाळीस वाचलं."

"नाना, अठ्ठावन्नचं एक्केचाळीस?"

"वय झालंय," नाना म्हणाले. "शेखर सांगत होताच."

"आणि मग दगड?"

"शोरूमवाल्याने आणताना खाल्ला असेल. तेव्हा बघून घ्यायला हवं होतं, मी बघितलं नाही. हीही चूक माझीच. जा, चहा टाक. पूर्ण कप."

चौतीस वर्षांच्या नोकरीत ज्यांनी एकाही दुकानदाराचं 'चुकून झालं साहेब' ऐकून घेतलं नाही, ते नाना हे बोलले. तेही सलग, न अडखळता. वैजयंती आत गेली. जाताना तिने माझ्याकडे जे पाहिलं त्यावरून तिला किती पटलं हे मला आजवर कळलेलं नाही. शेखर फोन करायला बाहेर गेला. अंगणात मी, नाना आणि गाडी.

नाना गाडीभोवती एक चक्कर मारून माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"सतरा. म्हणजे जाऊन येऊन. साडेआठ किलोमीटर जायला. कुठे जातं इथून साडेआठ?"

"पाचवड फाटा," मी म्हणालो.

"किती वाजता?"

"पूजेच्या दिवशी पहाटे. साडेपाचला. सगळे झोपले होते. म्हटलं, रस्ता रिकामा असेल, एक फेरी..."

"डंपर होता?"

"होता."

"खडीचा?"

"खडीचा."

नानांनी काचेवर, माळ होती त्या जागी, बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे शेखर खरं बोलला." आणि थोडं थांबून, "पहिल्यांदाच. आणि त्यालाही माहीत नाही."

"नाना, मी तुम्हाला तीन दिवस..." मी चाकाजवळच्या दगडाकडे पाहिलं. "मी सांगणार होतो. चांदणी एवढीशीच होती. मला वाटलं, माळेखाली दिवस निघेल. आणि मग तुम्ही तराजू आणलात."

"तीन दिवस नाही," नाना म्हणाले. "दोन दिवस दोन तास. सतरा चहा बुडाले." त्यांनी हात पुढे केला. "कार्ड."

"काय?"

"कोरेगावचं पोस्टकार्ड. तुम्ही टाकलेलं नसणार."

मी ते खिशातून काढून दिलं. नानांनी त्याचे चार तुकडे केले. मला वाटलं, आता बोलतील. मी मान खाली घालून तयारही झालो होतो.

"जावईबापू, डंपरच्या मागे किती अंतर ठेवलं होतं?"

"असेल... वीसेक फूट."

"वीस!" नाना एवढ्या मोठ्याने म्हणाले की फोनवरचा शेखर वळून बघू लागला. "निदान शंभर ठेवायचं! काय शिकवलं तुम्हाला त्या क्लासात?" एवढं बोलून ते चहाला आत गेले. त्या विषयावर ते माझ्याशी पुन्हा एक शब्दही बोलले नाहीत.

कोरेगावचा नारळ नानांनीच फोडला. दोन्ही वाट्या दोनशे सहा. त्यानंतर बारा वर्षं ते नारळ फोडत राहिले, आणि गाडीत बसले की पुढच्या वाहनाकडे बघत मला फक्त आकडा सांगत. "साठ." "चाळीस, चाळीस!" "आता बरोबर."

नाना गेले त्याला आता सहा वर्षं झाली. त्यांच्या वह्या शेखरने मला दिल्या. त्याला त्यात काही सोपं वाटलं नाही. त्या वर्षीची वही मी उघडून पाहिली. दसऱ्याच्या आदल्या दिवसाचं पान. मीटर ४१. खाडाखोड नाही, दुरुस्ती नाही. त्याच पानाला विमा कंपनीचं पत्र टाचणीने लावलेलं होतं, क्लेम मंजूर झाल्याचं. ते घरी आलं तेव्हा वैजयंतीने फक्त रक्कम बघून नानांकडे दिलं होतं. मी ते कधी वाचलं नव्हतं.

एका पानाचं, छापील पत्र होतं. वाहन क्रमांक. पॉलिसी क्रमांक. नुकसान: पुढची काच, एक.

कारण: इतर.